मेल दिसतो, कॅलेंडर का दिसत नाही?

या वेळच्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयाभोवती (कोडमधून सर्व्हरवरचं कॅलेंडर आणि संपर्क वाचणं) फिरत होती, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवून तीच घेतली आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत. नावं न छापण्याची विनंती बहुतेकांनी केली होती, तेव्हा कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न: आमच्या कार्यालयाच्या मेल सर्व्हरवर मी पायथनमधून आयमॅपने लॉगिन करतो, आलेल्या अर्जांचे मेल वेगळे काढतो आणि रोज सकाळी एक तक्ता तयार करतो. हे छान चाललंय. आता साहेबांना त्याच तक्त्यात आज कुणाच्या कोणत्या बैठका आहेत तेही हवंय, आणि अर्जदाराचा फोन नंबर आमच्या ॲड्रेस बुकात आधीपासून आहे का, तेही. वेबमेलमध्ये कॅलेंडर आणि संपर्क दोन्ही दिसतात. पण आयमॅपकडे फोल्डरची यादी मागितली की इनबॉक्स, सेंट, ड्राफ्ट्स आणि ट्रॅश एवढंच येतं. एखादी परवानगी मागायची राहिली आहे का? सर्व्हर सोगो आहे असं व्यवस्थापकांनी सांगितलं.

उत्तर: सर्व्हरचं नाव विचारून घेतलंत, निम्मं काम तिथेच झालं. परवानगी वगैरे काही राहिलेली नाही. आयमॅप फक्त मेलसाठी आहे. त्याचे नियम ज्यात लिहिलेत त्या २००३ च्या आरएफसी ३५०१ या दस्तऐवजात कॅलेंडरचा विषय नाही आणि २०२१ च्या सुधारित ९०५१ मध्येही नाही. वेबमेलच्या पानावर सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं म्हणून ते एकाच जागेहून येतं असं वाटतं. पार्सलच्या खिडकीवर आरक्षणाचं तिकीट मागितलं तर कारकुनाचा काय दोष? कोलॅबसारखे काही सर्व्हर कॅलेंडरच्या नोंदी खरोखरच आयमॅपच्या फोल्डरांत ठेवतात, पण तुमचा त्यातला नाही.

सोगो, झिम्ब्रा, नेक्स्टक्लाउड, रॅडिकाली या मंडळींकडे कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह चालतं आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह. पहिलं २००७ चं, आरएफसी ४७९१. दुसरं २०११ चं, ६३५२. दोन्ही साध्या एचटीटीपीवरच चालतात, फक्त गेट आणि पुटच्या जोडीला प्रॉपफाइंड आणि रिपोर्ट अशा आणखी काही आज्ञा असतात.

पत्ता माहीत नसेल तर सर्व्हरच्या डोमेनपुढे ‘.वेल-नोन’ आणि त्यापुढे ‘कॅलडॅव्ह’ लावून विनंती पाठवा. नीट बसवलेला सर्व्हर तिथून खऱ्या पत्त्याकडे वळवून देतो. त्या पत्त्याला प्रॉपफाइंडने विचारायचं, मी कोण? उत्तरात ‘करंट-यूजर-प्रिन्सिपल’ येतं. त्याला विचारायचं, माझी कॅलेंडरं कुठे आहेत? ‘कॅलेंडर-होम-सेट’ येतं. तिथे डेप्थ १ लावून पुन्हा प्रॉपफाइंड केलं की कॅलेंडरांची यादी हातात पडते. डेप्थ ० लावलात तर फक्त त्या फोल्डरचीच माहिती येईल, आणि खात्यात एकही कॅलेंडर नाही असा गैरसमज करून घ्याल. सोगोमध्ये हा पत्ता शेवटी सोगो, डॅव्ह, तुमचं लॉगिन, कॅलेंडर, पर्सनल अशा क्रमाने बनतो. तरी तो कोडमध्ये ठोकून बसवू नका, विचारूनच घ्या. उद्या सर्व्हर बदलला तर त्रास वाचेल.

पायथनची कॅलडॅव्ह नावाचीच लायब्ररी ही सगळी विचारपूस तुमच्या वतीने करते. तरी एकदा हाताने करून बघाच. उत्तराचा स्टेटस २०७ येतो. २०० चीच वाट बघणारा कोड इथे अडतो. आणि २०७ आला म्हणजे सगळं आलं असं धरून चालणारा कोड त्याहून घातक, कारण आत प्रत्येक वस्तूचा आपापला स्टेटस असतो आणि त्यात ४०४ बिनबोभाट बसलेला असू शकतो.

आता ‘आजच्या बैठका’. आज म्हणजे काय ते सर्व्हरला कळत नाही. रिपोर्टमधल्या टाइम-रेंजला सुरुवात आणि शेवट यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) द्यावे लागतात. तेव्हा आधी आपल्या वेळेप्रमाणे आजची आणि उद्याची मध्यरात्र काढा, मग त्या दोन्ही वेळा यूटीसीत न्या. तारीख तशीच उचलून तिच्या शेपटीला झेड (म्हणजे ‘ही वेळ यूटीसी’) लावलात तर दिवसाच्या एका टोकाच्या बैठका गळतात आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या दिवसाच्या घुसतात. अशी चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण मधल्या वेळातल्या बैठका बरोबर दिसत असतात.

एक गोष्ट साहेबांना आधीच सांगून ठेवा. तुमच्या लॉगिनने तुमचीच कॅलेंडरं दिसतील, आणि ज्यांनी तुम्हाला वाचायचा हक्क दिलाय त्यांची. सगळ्यांची हवी असतील तर अहवालासाठी एक वेगळं खातं काढून घ्या आणि प्रत्येकाने त्या खात्याला फक्त वाचनाचा हक्क द्यावा. लोकांचे पासवर्ड गोळा करून फाइलीत ठेवायचा विचारही नको. आणि साहेबांना केवळ कोण कधी मोकळं आहे एवढंच बघायचं असेल तर कॅलडॅव्हमध्ये फ्री-बिझी नावाची चौकशी आहे. तिच्यात वेळा येतात, विषय येत नाहीत. ‘डॉक्टरांकडे जायचंय’ अशी कुणाची नोंद तक्त्यात छापली जाण्यापेक्षा ते बरं.

संपर्कांचा रस्ता असाच आहे: कार्डडॅव्ह, ‘ॲड्रेसबुक-होम-सेट’, मग यादी. फोन नंबर मात्र सर्व्हरकडून शोधून घेऊ नका. कुणी मध्ये जागा सोडून लिहितं, कुणी आडव्या रेघा घालतं, कुणी अधिक चिन्ह लावून देशाचा संकेतांक लिहितं, आणि सर्व्हर अक्षराला अक्षर जुळवतो. सगळी कार्डं एकदा ओढून घ्या, आकड्यांखेरीज सगळं गाळा आणि शेवटचे आकडे ताडून बघा. एवढं करून सहकाऱ्यांचेच नंबर सापडले नाहीत तर गोंधळू नका. संपूर्ण संस्थेची नामावली बहुधा एलडॅप या वेगळ्या निर्देशिकेत असते, कुणाच्या वैयक्तिक ॲड्रेस बुकात नाही. तिच्यासाठी व्यवस्थापकांकडे वेगळं विचारावं लागेल.

प्रश्न: कॅलडॅव्हने या आठवड्याच्या नोंदी मागितल्या. दर सोमवारची आढावा बैठक आली, पण तारीख सप्टेंबर २०२३ ची! एक सोमवार रद्द केला होता, तोही माझ्या यादीत दिसतो. आणि एका दिवसाची सुट्टी दोन दिवस दिसते. सर्व्हर बिघडलाय की काय?

उत्तर: सर्व्हर ठणठणीत आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्व्हरपर्यंत पोचणं हा सोपा भाग. खरी कसोटी इथे सुरू होते.

दर सोमवारची बैठक सर्व्हरवर एकदाच लिहिलेली असते. डीटीस्टार्टच्या ओळीत पहिली बैठक, २०२३०९०४ आणि पुढे वेळ. त्याखाली आररूलची, म्हणजे पुनरावृत्तीच्या नियमाची ओळ: वारंवारता साप्ताहिक, वार एमओ. बास. तुमच्या आठवड्यात तिची एक आवृत्ती पडते हे सर्व्हरने हिशोब करून ओळखलं आणि मूळ नोंद तशीच्या तशी पाठवली. तारीख जुनी दिसते ती त्यामुळे. रद्द केलेला सोमवार एक्सडेटच्या ओळीत असतो. तुमचा कोड ती ओळ वाचतच नसणार. आणि एखादा सोमवार रद्द न करता मंगळवारवर ढकलला असेल तर त्याच फाइलीत आणखी एक व्हीइव्हेंट (बैठकीची नोंद) येतो. त्याचा यूआयडी (ओळखक्रमांक) मूळ नोंदीचाच, पण सोबत रिकरन्स-आयडी, म्हणजे ‘मूळच्या अमुक बैठकीऐवजी ही’. नोंदी यूआयडीची किल्ली करून डिक्शनरीत भरत असाल तर या दोघींतली एक दुसरीला गिळते. तुमच्या कोडमध्ये ते आधी तपासा.

आररूल स्वतः उलगडत बसू नका. ‘महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस’ इथपर्यंत तो नियम जातो आणि माणूस वेडा होतो. रिपोर्टमध्ये ‘एक्सपांड’ मागितलं की सर्व्हरच एकेक बैठक सुटी करून, वेळ यूटीसीत नेऊन देतो. सर्व्हरला ते जमत नसेल तर ‘रिकरिंग-आयकल-इव्हेंट्स’ ही पायथन लायब्ररी आहे. स्वतःच करायचंच असेल तर क्रम पाळा: आधी स्थानिक वेळेत उलगडा, मग यूटीसीत न्या. बर्लिनच्या वेळेप्रमाणे सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात यूटीसीप्रमाणे आठची असते. आठाला धरून सात सात दिवस पुढे मोजत गेलात तर ऑक्टोबरअखेरीस तिथली घड्याळं मागे आली की तुमच्या यादीत ती नऊला होते, आणि तिकडे लोक दहालाच जमतात.

सुट्टीचं साधं आहे. डीटीएंड हा क्षण नोंदीत धरायचा नसतो. पाच तारखेची दिवसभराची सुट्टी डीटीस्टार्ट पाच, डीटीएंड सहा अशीच लिहितात. सहा तारीख रंगवू नका म्हणजे झालं.

माझ्या चाचणीच्या खात्यात ठरावीक नोंदी कायम पडून असतात: एक दिवसभराची, एक साप्ताहिक (तिच्यातली एक आवृत्ती रद्द, एक पुढे ढकललेली), एक परक्या टाइमझोनमधली, आणि एक लांबलचक मराठी शीर्षकाची. नवीन कोड आधी यांच्यावर सोडते. शेवटची कशासाठी, ते पुढच्या पत्रात कळेल.

प्रश्न: कार्डडॅव्हमधून आलेली मराठी नावं आणि पत्ते मध्येच तुटतात, चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. गंमत म्हणजे छोटी नावं ठीक असतात, लांब मजकुरातच हे होतं. यूटीएफ-८ लावलेलं आहे.

उत्तर: ‘लांब मजकुरातच’ हे लिहिलंत म्हणून दुसरं काही विचारावं लागलं नाही. व्हीकार्ड (संपर्कांसाठी) आणि आयकॅलेंडर (कॅलेंडरच्या नोंदींसाठी) या दोन्ही प्रकारांत एक ओळ साधारण ७५ बाइटपर्यंतच ठेवायची असा संकेत आहे. त्यापुढचा मजकूर नव्या ओळीवर जातो आणि त्या ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडतात. वाचणाऱ्याने ती जागा आणि ओळतोड काढून सांधा जुळवायचा. मोजमाप बाइटचं आहे, अक्षरांचं नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. नुसतं ‘श्री’ लिहिलं तर श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून बारा बाइट झाले. पंचविसाव्या चिन्हाच्या आतच ओळ भरते. इंग्रजी पत्त्याला सहसा हा प्रसंगच येत नाही, त्यामुळे ज्यांनी कोड लिहिला त्यांना तो दिसतही नाही.

आता काही प्रोग्राम मोजून ७५ व्या बाइटला कात्री लावतात, मग ती एखाद्या चिन्हाच्या पोटातून का जाईना. व्हीकार्डच्या चौथ्या आवृत्तीने असं चिन्ह तोडायला स्पष्ट मनाई केली आहे, पण जुना डेटा जुन्याच पद्धतीने कापलेला असतो. तुम्ही बहुधा आधी सगळं डीकोड करता आणि मग ओळी जोडता. तोवर अर्धं चिन्ह इकडे, अर्धं तिकडे आणि दोन्हींचे चौकोन झालेले असतात. क्रम उलटा करा. उत्तर बाइट म्हणूनच घ्या, ओळतोड आणि तिच्यापुढची एक जागा किंवा टॅब बाइटपातळीवरच काढा, आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचा.

मजकुरात बरोबरच्या चिन्हामागे ई०, मग बरोबर आणि ए४ अशी माळ दिसली तर तो वेगळा आजार: जुन्या फोनमधून आलेलं २.१ आवृत्तीचं कार्ड, कोटेड-प्रिंटेबलमध्ये. ते उलगडायची सोय पायथनमध्ये आयती आहे.

प्रश्न: आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज मेल सर्व्हर आहे आणि जुना कोड त्याच्या ईडब्ल्यूएसवर (एक्स्चेंज वेब सर्व्हिसेसवर) चालतो. एक सहकारी म्हणतो ते बंद होणार, दुसरा म्हणतो काही होत नाही. कुणाचं ऐकावं?

उत्तर: सर्व्हर तुमच्या इमारतीत आहे की मायक्रोसॉफ्टकडे, त्यावर आहे. एक्स्चेंज २००७ बरोबर आलेलं ईडब्ल्यूएस स्वतः बसवलेल्या सर्व्हरवर चालू राहतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं मात्र ऑक्टोबर २०२६ पासून बंद करणार असल्याचं त्यांनी २०२३ मध्येच जाहीर केलं आहे. तिथे असाल तर आजपासून ग्राफकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या एपीआयकडे वळा. नुसतं नाव-पासवर्डाचं लॉगिन तिथे २०२२ पासूनच बंद होत गेलं, तेव्हा ओऑथ (पासवर्डाऐवजी टोकनाचं लॉगिन) तुम्हाला एव्हाना करावंच लागलं असेल.

ग्राफमध्ये ‘इव्हेंट्स’ मागितलं तर पुनरावृत्तीच्या बैठकांची मूळ नोंदच येते, वरच्या पत्रासारखीच. सुट्या बैठका हव्या तर ‘कॅलेंडरव्ह्यू’ मागा आणि सुरुवात-शेवट द्या. (गूगलच्या एपीआयमध्ये हेच काम ‘सिंगलइव्हेंट्स’ करतं.) एका पानात दहाच नोंदी येतात आणि पुढच्या पानाचा दुवा उत्तरातच असतो; तो न वाचल्यामुळे ‘आमच्याकडे दिवसाला दहापेक्षा जास्त बैठका होतच नाहीत’ असा निष्कर्ष काढलेला अहवाल मी पाहिलाय. वेळा यूटीसीत येतात, त्या आपल्या टाइमझोनमध्ये हव्या असतील तर ‘प्रिफर’ हेडरमध्ये सांगा. ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये फक्त मुख्य फोल्डरातले वैयक्तिक संपर्क येतात. सहकाऱ्यांची यादी ‘यूजर्स’खाली आहे.

आणि एक जपा. माणूस लॉगिन न करता रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला ‘कॅलेंडर्स.रीड’ ही ॲप्लिकेशन परवानगी दिली की त्याला संस्थेतली सगळीच्या सगळी कॅलेंडरं उघडी होतात, संचालकांसकट. ठरावीक मेलबॉक्सपुरती ती आवळून घेण्याची सोय व्यवस्थापकाकडे असते. तो कंटाळा करेल. पाठपुरावा करा.

प्रश्न: दर मिनिटाला सगळं कॅलेंडर ओढते, बदल दिसावेत म्हणून. सर्व्हरवाले ओरडतात.

उत्तर: बरोबर ओरडतात. २०१२ च्या आरएफसी ६५७८ मध्ये सिंक-टोकन आहे. मागच्या वेळी मिळालेलं टोकन परत पाठवा, त्यानंतर बदललेलं आणि पुसलेलं तेवढंच येईल. टोकन जुनं झालं म्हणून सर्व्हरने नाकारलं तर त्या वेळेपुरतं सगळं पुन्हा घ्या. तुमचा सर्व्हर टोकन देत नसेल तर आधी फक्त नोंदींचे ईटॅग (नोंद बदलली की बदलणारी खूण) मागवा, आणि जे बदलले तेवढ्याच नोंदी उचला. आणि मिनिटाच्या जागी पंधरा मिनिटं करून बघा, कुणी तक्रार करतं का.

प्रश्न: आता कोडमधून कॅलेंडरमध्ये बैठका टाकायच्या आहेत. चाचणी करताना काय सांभाळावं?

उत्तर: लोकांना. नोंदीत ऑर्गनायझर आणि अटेंडीच्या ओळी असल्या की बरेच सर्व्हर पुट होताक्षणी निमंत्रणं स्वतःहून पाठवून मोकळे होतात. आरएफसी ६६३८ मध्ये ते तसंच ठरलेलं आहे, आणि ग्राफही तेच करतं. ‘चाचणी १’, ‘चाचणी २’, ‘चाचणी परत’ अशी निमंत्रणं सगळ्या विभागाला गेली की तुमच्या कोडची कीर्ती कोड पूर्ण होण्याआधीच पसरते. पुसलीत की रद्द झाल्याचे मेल जातात, तो दुसरा हप्ता.

नवी नोंद टाकताना ‘इफ-नन-मॅच’ हेडरमध्ये तारांकन (*) द्या, म्हणजे त्या पत्त्यावर आधीच काही असेल तर ते पुसलं जाणार नाही. जुनी बदलताना वाचतेवेळी मिळालेला ईटॅग ‘इफ-मॅच’मध्ये द्या. मधल्या वेळात कुणी फोनवरून बैठक हलवली असेल तर सर्व्हर ४१२ देऊन थांबवेल. अशा वेळी पुन्हा वाचायचं आणि बदल नव्याने लावायचा, जबरदस्ती करायची नाही. आणि ज्या ओळी तुमच्या कोडला कळत नाहीत त्या गाळू नका, जशाच्या तशा परत लिहा, नाहीतर कुणाचा तरी गजर गायब होईल.

अटेंडीच्या ओळी सगळ्यात शेवटी घाला. बाकी सारं त्यांच्याशिवाय चालवून बघा, आणि पहिल्यांदा त्या घालाल तेव्हा निमंत्रितांत फक्त तुमचाच दुसरा पत्ता असू द्या.